जुन्या नावेची डागडुजी

कुही तालुका म्हटले की कोणाला मिरचीचे सातरे आठवतात, कोणाला मांढळला सापडलेले वाकाटकांचे ताम्रपट, तर इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अडमचे उत्खनन आठवते. नाव मात्र सहसा कोणाला आठवत नाही. समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर, तेव्हा नावेशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या तालुक्याची पूर्वेकडची कड वैनगंगेच्या पाण्याने आखलेली आहे. अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम अशा पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, 'विवेकसिंधु' येथेच रचला, अशी आपल्या भागातील श्रद्धा आहे. अंबेजोगाईची मंडळी हा मान आपल्याकडे घेतात. तो वाद पंडितांनी सोडवावा. इतके मात्र खरे, की या काठावरच्या माणसांना पलीकडे जायला, मासे धरायला, शेतमजुरीला जायला पिढ्यान् पिढ्या नावेवाचून गत्यंतर नव्हते.

आमच्या घरी एक जुनी सागवानी नाव आहे. लांबी सुमारे पंधरा फूट, मधली रुंदी चार फूट, तळ सपाट. ती आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी सांभाळली. गेली काही वर्षे तिची डागडुजी मी त्यांच्या देखरेखीखाली करतो. त्या कामात जे हाताला कळले आणि पुढे पुस्तकांतून ज्याची कारणे समजली, ते येथे मांडावयाचे आहे. विषय कला शाखेच्या वार्षिकात जरा विचित्र वाटेल. पण त्यात तत्त्वज्ञानही आहे आणि जीवनमरणाचा प्रश्नही आहे. २३ जानेवारी २०२४ रोजी याच वैनगंगेवर, खाली गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. अशी बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. नाव चांगली की वाईट, तीत किती माणसे बसवावी, हे पाहण्याची विद्या काठावरच्या प्रत्येक घरात असावयास हवी, असे मला त्या दिवसापासून अधिकच वाटू लागले.

पाणी बदलले, नाव तीच

आमची नाव घडविली गेली ती वाहत्या नदीसाठी. वैनगंगा पावसाळ्यात रौद्र होते, पण एरवी तिचे पात्र उथळ आणि वाळूचे. अशा पाण्यात सपाट तळाची नाव सोयीची. ती वीतभर पाण्यातही तरंगते, वाळूवर सहज चढते आणि लांब बांबू तळाला टेकवून ढकलली की पुढे सरकते. खोल तळाची कोकणी होडी येथे पदोपदी रुतली असती.

पुढे गोसेखुर्द धरण आले. २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. कालांतराने पाणी अडले, गावे उठली, नव्या जागी वसली आणि नदीचे सरोवर झाले. नावेच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. बांबू आता तळाला पोचत नाही, म्हणून वल्ह्यांवर भिस्त. पाण्याचा पसारा रुंद, त्यामुळे वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि लाटा उठतात. पाण्याखाली जुन्या झाडांची खुंटे आणि पडक्या भिंती आहेत. पाणी उतरू लागले की त्या तळाला घासतात. भरीला जलपर्णी. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून या जलाशयात येते. त्या खतावर जलपर्णी माजते, वल्ह्यांना गुंडाळते आणि काठाला बांधलेल्या नावेभोवती ओल धरून बसते. २०२४ मध्ये अंभोऱ्याचा तारांवर तोललेला भव्य पूल खुला झाला. भंडाऱ्याकडे जाण्याची मोठीच सोय झाली. मात्र मासेमारीला आणि बुडिताच्या काठावरील शेताला जायला पूल उपयोगी पडत नाही. म्हणजे नावेचे काम कमी झाले, पण ते पूर्वीपेक्षा कठीण झाले. अशा वेळी नाव निगुतीने राखली पाहिजे.

लाकूड आणि पाणी

नावेच्या दुरुस्तीचे सारे रहस्य एका गोष्टीत आहे. लाकूड ओले झाले की फुगते आणि वाळले की आकसते. हे सर्वांना ठाऊक असते. पावसाळ्यात घरचे दार चौकटीत अडकते तेव्हा आपण ते अनुभवतोच. पण नावेत त्याचा हिशेब करावा लागतो.

लाकडाच्या पेशींच्या भिंती पाणी शोषतात ते त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत. तोवर लाकूड फुगत जाते. त्यापुढे कितीही पाणी मुरले तरी अधिक फुगत नाही. उलट आपल्याकडच्या वैशाखात उघड्यावर पडलेल्या फळीतील ओलावा दहा टक्क्यांच्याही खाली जातो. फुगणे-आकसणे होते ते रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. साग हे त्यातल्या त्यात कमी हलणारे लाकूड. तरीसुद्धा वीस सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी पुरती ओली असताना आणि पुरती वाळल्यावर मोजली, तर ती कशी चिरली आहे त्यानुसार तीन ते आठ मिलिमीटरचा फरक सापडतो. तळाला अशा पाच-सहा फळ्या असतात. म्हणजे उन्हाळ्यात नावेच्या तळातून पलीकडचे दिसू लागले तर त्यात नवल नाही. नाव फुटलेली नसते. ती तहानलेली असते, एवढेच.

येथेच नवखा माणूस फसतो. त्याला फटी दिसतात आणि तो त्या ठासून भरतो, वरून टणक लुकण लावतो. नाव पाण्यात गेली की फळ्या फुगतात. त्यांना फुगायला जागा नसते. मग काहीतरी सुटतेच: भरलेला वाख बाहेर येतो, खिळे उपटतात किंवा आतल्या आडव्या फासळ्या तडकतात. कोरड्या नावेची फट थोडी सैलच भरावयाची असते. उरलेले काम पाणी स्वतः करते. गळती थांबविणारा खरा कारागीर पाणीच आहे, हे पटायला जरा वेळ लागतो.

कूज कोठे लागते?

दुसरा प्रश्न कुजण्याचा. पाण्यात राहून लाकूड कुजते, असा सर्वसाधारण समज आहे. आबाजी म्हणतात, "लाकूड पान्यात नाही मरत बाबू, ते काठावर मरते." शास्त्राचे म्हणणे वेगळे नाही. कूज म्हणजे एक प्रकारची बुरशी. तिला ओलावा लागतो आणि हवाही लागते. वीस टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर ती वाढत नाही, आणि सदैव पाण्याखाली असलेल्या भागाला हवा नसल्याने तेथेही ती वाढू शकत नाही. म्हणून नावेचा बुडालेला तळ टिकतो आणि कुजतात ते मधले भाग: पाण्याच्या रेषेलगतची फळी, फळीची टोके, बैठकीखालचे कोपरे, फासळीच्या मागची सांद, जेथे चिखल आणि पाला साचून राहतो.

समुद्रावरच्या नाविकाला लाकूड पोखरणाऱ्या किड्याची मोठी भीती असते. तो शंखशिंपल्यांच्या जातीचा खारा जीव. आपल्या गोड्या पाण्यात तो जगत नाही. ही आपल्याला निसर्गाने दिलेली सवलत. उलट समुद्रात मिठामुळे बुरशीला थोडा आळा बसतो, तो आपल्याकडे बसत नाही. तेव्हा आपले शत्रू दोन: नावेच्या आत साचलेले पावसाचे पाणी आणि बाहेरचे रखरखीत ऊन. पावसाळ्यात रोज सकाळी पाणी उपसणे आणि उन्हाळ्यात सावली करणे, या दोन कामांना पैसा लागत नाही. पण नावेचे अर्धे आयुष्य त्यांवर अवलंबून असते.

सागाच्या टिकाऊपणाविषयी एक उदाहरण देण्याजोगे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली 'त्रिंकोमाली' नावाचे लढाऊ गलबत १८१७ मध्ये सागात बांधले गेले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. इंग्लंडचे ओक लाकूडही मजबूत, पण त्यातील आम्लाने लोखंडी खिळे लवकर खातात. सागातील तेलकट द्रव्ये बुरशीला, वाळवीला दूर ठेवतात आणि खिळ्यालाही सांभाळतात. आपल्या विदर्भाच्या जंगलातील या लाकडाची किंमत आपण घराच्या दारापुरती करतो, याचे वाईट वाटते.

तपासणी

डागडुजीचा हंगाम होळीनंतरचा. पाणी उतरलेले असते आणि पावसाला अवधी असतो. नाव काठावर ओढून घ्यावी, ठोकळ्यांवर ठेवावी आणि सावलीत ठेवावी. उन्हात मुळीच नको. आम्ही आंब्याखाली ठेवतो आणि दोन्ही टोकांवर ओली पोती टाकतो. टोके सर्वांत आधी वाळतात आणि तेथूनच चिरा पडतात. आतला चिखल, शेवाळ, जुने सुटे डांबर खरवडून काढावे. आठ-दहा दिवस तिला हळूहळू वाळू द्यावे.

मग कानाने आणि टोच्याने तपासावे. हातोडीचा दांडा घेऊन फळीफळीवर ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद आवाज करते. संशय आला तेथे टोच्या दाबावा. तो कणभर रुतला तर लाकूड ठीक. सहज आत शिरला आणि ओला भुसा घेऊन बाहेर आला तर ती जागा खडूने आखावी. खिळ्यांच्या डोक्याभोवती काळा डाग दिसला तर तो खिळा आतून गंजला आहे असे समजावे. लोखंड गंजताना फुगते आणि भोवतालचे लाकूड फोडते, म्हणून असा खिळा ठोकून बसविण्यात अर्थ नाही, तो काढावाच लागतो.

गळती शोधण्याची सोपी युक्ती अशी. नाव ठोकळ्यांवर असतानाच आत दोन-तीन घागरी पाणी ओतावे आणि खाली बसून पाहावे. थेंब जेथून पडेल तेथे खूण करावी. याहून अधिक पाणी ओतू नये. पाण्याचे वजन वाळलेल्या सांध्यांना झेपत नाही.

लहानशा भोकाची पर्वा का करावयाची, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहू. पाण्याच्या पातळीखाली वीस सेंटिमीटरवर नखाएवढे, म्हणजे एक चौरस सेंटिमीटरचे भोक असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे सात लिटर पाणी आत येते. तासाभरात चारशे लिटरांहून अधिक. म्हणजे न दिसणारी सहा-सात माणसे नावेत येऊन बसली!

फळी बदलणे

कुजलेला भाग कापताना हात आखडता घेऊ नये. कूज दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. म्हणून दोन्हीकडे वीतभर निरोगी लाकूडही कापून टाकावे. हे फार जिवावर येते, पण बुरशीचा एक धागा राहिला तरी दोन वर्षांत तेच काम पुन्हा उभे राहते.

नवी फळी त्याच जातीची आणि जुनी वाळलेली असावी. आमच्याकडे पडक्या घराच्या सागवानी दारांच्या फळ्या कामी आल्या. जुने आणि नवे लाकूड समोरासमोर टेकवून जोड देऊ नये. तो जोड हिसक्याने उघडतो. दोन्ही टोके तिरपी तासावीत आणि एकावर एक बसवावीत. फळी एक इंच जाड असेल तर तिरपा भाग निदान आठ इंच लांब असावा. हे काम वाढई लोक रंध्याने इतके चोख करतात की जोडात कागद शिरत नाही. मला तेवढे साधत नाही, पण पटाशीने हळूहळू तासत गेले तर काम भागते.

खिळ्यासाठी गिरमिटाने आधी भोक पाडावे, नाहीतर फळीच्या टोकाला चीर पडते. खिळा जस्त चढविलेला घ्यावा. तो पलीकडे काढून टोक वळवून लाकडात ठोकून बसवावे, म्हणजे धक्क्याने तो मागे सरकत नाही. तांब्याचे आणि लोखंडाचे खिळे शेजारी शेजारी वापरू नयेत. ओल्या लाकडात दोन धातू जवळ आले की विजेच्या घटासारखी क्रिया होते आणि लोखंड झपाट्याने झिजते.

खिळ्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या परंपरेकडेही पाहावे. राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात समुद्रातील नावेला लोखंड वापरू नये असे सांगितले आहे. चुंबकीय खडक नावेला ओढून घेतील, हे त्याचे कारण. कारण काल्पनिक असले तरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून नावा बांधण्याची पद्धत खरीच होती. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून असेच एक शिवलेले जहाज गोव्यात बांधले गेले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौण्डिन्य' या नावाने आपल्या नौदलात दाखल झाले. शिवलेली नाव लाटेबरोबर थोडी लवते, म्हणून ती फुटत नाही. लवचीकपणाचे हे तत्त्व आपल्या छोट्या नावेलाही तितकेच लागू आहे.

सांधे भरणे

कोकणात सांधे भरायला कापूस, काथ्या वापरतात. आमच्याकडे अंबाडीचा वाख. अंबाडीची भाजी आपण खातो. तिच्या देठांचा वाखही तितकाच गुणी. तो हातावर वळून सैल पेड करावा, तेलात भिजवून पिळून घ्यावा आणि बोथट पटाशीने फटीत बसवावा. आधी एक पातळ थर, मग दुसरा. फळीच्या पृष्ठभागापासून तो थोडा आतच राहिला पाहिजे. ठोका बेताचा, आवाज बद्द येऊ लागला की थांबावे.

वरून राळ आणि तेल कढवून केलेले लुकण किंवा नुसते डांबर भरतात. येथे सावधगिरी हवी. राळ पेट घेते. भांडे निखाऱ्यांवर ठेवावे, जाळावर नाही. जवळ तणस, कडबा नको, आणि पेट घेतलाच तर पाणी ओतू नये, झाकण घालावे किंवा माती टाकावी. लुकण थंड झाल्यावर नखाने दाबले तर किंचित दबले पाहिजे. काचेसारखे कडक झाले तर तेल कमी पडले.

हल्ली एम-सील वापरण्याची चाल पडली आहे. पत्र्याच्या नावेला, नळाला ते उत्तम. लाकडी सांध्यात ते दगड होऊन बसते. लाकूड हलते, ते हलत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटते. जुन्या नावेवर फायबरचे आवरण चढविण्याचा सल्लाही मिळतो. नव्या, कोरड्या लाकडावर ते चालते. जुन्या, ओल मुरलेल्या लाकडावर चढविले तर ओल आतच कोंडली जाते आणि वरून चकचकीत दिसणारी नाव आतून भुसा होते. नव्या वस्तूंशी माझे वैर नाही. पण कोणती वस्तू लाकडाबरोबर हलते आणि कोणती हलत नाही, एवढे विचारून ती घ्यावी.

बाहेर डांबर, आत तेल

बाहेरून, पाण्याच्या रेषेच्या वर चार बोटे येईपर्यंत, डांबराचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला नीट वाळल्यावर दुसरा. एकच जाड थर दिला तर तो उन्हात ओघळतो आणि पापुद्र्याने निघतो. आतून मात्र डांबर लावू नये. आत करंजीचे किंवा जवसाचे तेल पाजावे. दोन्ही बाजू बंद केल्या तर लाकडात शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. एका बाजूने पाणी अडवावे, दुसऱ्या बाजूने लाकडाला श्वास घेऊ द्यावा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

शिडाची गोष्ट

वाहत्या नदीत आमच्या नावेला शीड नव्हते. सरोवर झाल्यावर परतीच्या वाटेवर वल्हे मारून हात गळू लागले, तेव्हा बांबूची डोलकाठी आणि जुन्या जाड सुती कापडाचे चौकोनी शीड लावले. पाठीमागून वारा असला की नाव सुखाने चालते. वारा आडवा असला की ती तिरकी घसरत जाते, कारण सपाट तळाला पाणी धरून ठेवणारे काही नसते. कोकणातील होडीला खाली पठाण असते. ते पाण्यात सुरीसारखे उभे राहते, म्हणून तिचे शीड आडव्या वाऱ्याचाही उपयोग करू शकते. आपल्या नावेने तो हट्ट धरू नये. वारा पाठीशी असेल तर शीड, नसेल तर वल्हे.

डोलकाठीचा भार तळाच्या एका फळीवर येऊ देऊ नये. दोन फासळ्यांवर आडवा ठोकळा बसवून त्यात तिचे बूड रोवावे, आणि वर बैठकीच्या फळीला तिला आधार द्यावा. शीड ओले गुंडाळून ठेवले तर त्याला बुरशी लागते. मासेमारीची सुती जाळी पूर्वी येनाच्या सालीच्या काढ्यात बुचकळून काढीत. त्यातील तुरट द्रव्याने सूत टिकते. आम्ही शिडालाही तेच करतो. शिवणी दर वर्षी तपासाव्यात, कारण कापडाआधी दोरा मरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिडाची दोरी कधीही पक्क्या गाठीने बांधू नये. ती हातात धरावी किंवा एका झटक्यात सुटेल अशा फासाने अडकवावी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारनंतर वावटळ उठते. त्या क्षणी दोरी सुटली नाही तर नाव आडवी होते.

पाण्यात उतरविणे

डागडुजी झाल्यावर नाव एकदम खोल पाण्यात नेऊ नये. गुडघाभर पाण्यात खुंट्याला बांधून ठेवावी आणि आत पाणी येऊ द्यावे. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळते. पाहणाऱ्याला वाटते, मेहनत फुकट गेली. दोन-तीन दिवसांत फळ्या फुगतात, सांधे मिटतात. मग पाणी उपसावे आणि रात्रभर पाहावे. सकाळी तळाशी ओंजळभर पाणी असेल तर ठीक. बादलीभर असेल तर ती खूण शोधून पुन्हा काठावर यावे.

शेवटी भाराचा प्रश्न. आमच्या नावेचा पाण्यावर टेकणारा भाग सुमारे चार चौरस मीटर आहे. आर्किमिडीजच्या नियमाने साठ किलोचा एक माणूस बसला की ती दीड सेंटिमीटर खाली जाते. दहा माणसे बसली की पंधरा सेंटिमीटर. शांत पाण्यात ते कदाचित चालून जाईल. पण सरोवराच्या लाटेला काठ ओलांडायला मग वीतभरही उंची उरत नाही, आणि घाबरून चार माणसे एका बाजूला झाली की संपले. म्हणून आम्ही आतून काठाखाली वीतभर अंतरावर पांढरी रेघ मारली आहे. बाहेरचे पाणी त्या रेघेपर्यंत आले की पुढचा माणूस दुसऱ्या खेपेला. मग तो पाहुणा असो की पुढारी! प्रत्येकासाठी तरंगणारे जाकीट हवे. ते नसेल तेथे निदान बूच लावलेले रिकामे प्लास्टिकचे डबे दोरीने बांधून नावेत ठेवावेत.

तीच नाव का?

आमच्या नावेच्या तळाच्या निम्म्याहून अधिक फळ्या आता नव्या आहेत. मग ही आबाजींचीच नाव का? हा प्रश्न मला पडला, आणि पुढे कळले की तो फार जुना आहे. अथेन्सचे लोक वीर थीसियसची नाव जपून ठेवीत आणि जुनी फळी कुजली की नवी बसवीत. ती नाव तीच की दुसरी, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी असेच विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? उत्तर असे, की रथ हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले नाव आहे.

नाव दुरुस्त करणाऱ्याला हे उत्तर पटते, पण थोडे अपुरे वाटते. फळ्या बदलल्या, खिळे बदलले, पाणीसुद्धा बदलले. कोठे किती सैल सोडायचे, कोठे थांबायचे, किती माणसे बसवायची, हे ठरविणारे ज्ञान मात्र एका हातातून दुसऱ्या हातात आले. ते तुटले तर साऱ्या फळ्या जुन्या असूनही ती नाव परकी होईल.

हे ज्ञान आज वृद्धांच्या हातांत आहे. नावा घडविणारे वाढई कमी झाले, आणि ढिवर समाजातील मुलेही शिक्षणासाठी, कामासाठी शहराकडे वळली. त्यात गैर काही नाही. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी किंवा शेजारी असा एक तरी म्हातारा माणूस असेल, ज्याला फळीवर ठोकून ती जिवंत की मेलेली हे सांगता येते. येत्या सुटीत त्याच्याजवळ बसावे, त्याचे शब्द वहीत उतरून घ्यावेत, शक्य झाल्यास एक सांधा स्वतः भरून पाहावा. मराठीचे विद्यार्थी शब्द गोळा करतील, इतिहासाचे विद्यार्थी घाटांची माहिती लिहितील, अर्थशास्त्राचे विद्यार्थी नावेचा खर्च मांडतील. आणि ज्यांच्या घरची माणसे अजून नावेने कामाला जातात, त्यांनी या होळीनंतर आपली नाव उलटी करून एकदा टोच्याने तपासावी व आत एक पांढरी रेघ मारावी. रंगाचा खर्च चहाच्या दोन कपांइतका येतो.